धनीफळ

प्लेटमधला एकूण एक खळगा जांभळा होता. अर्पितानं ती उजेडाकडं धरली, तिरकी केली, तरी जांभळ्याचं पिवळं काही होईना.

पेशी जिवंत असल्या की त्यात टाकलेलं पिवळं रसायन जांभळं होतं. मेल्या की पिवळंच राहतं. म्हणजे कॅन्सरच्या पेशी बोराचा अर्क पिऊन ठणठणीत होत्या. उलट जरा बाळसं धरल्यासारख्याच वाटत होत्या.

"संपलं का रानमेव्याचं दुकान?" तिचे गाईड डॉ. भुजंगराव दारातूनच म्हणाले.

"बोर, उंबर, टेंभरं झाली सर. आता सीताफळ, रामफळ करून बघू का?"

"त्यांच्यावर जगभर ढिगानं काम झालंय. शिळ्या कढीला ऊत कशाला आणतेस? कुणी हात लावला नाही असं फळ आण. नाहीतर मार्चअखेर प्रकल्प बंद, आणि पीएचडीचं तुझं तू बघ."

सर निघून गेले. अर्पिता कपाळाला हात लावून बसली. जगात कुणी हात लावला नाही असं फळ परभणीच्या बाजारात मिळायला ते काय भाजीवाल्यानं तिच्यासाठी राखून ठेवलं होतं?

मागं मोरीपाशी काचेची भांडी धुणाऱ्या रुख्मिणीमावशी सगळं ऐकत होत्या. बोरीहून रोज एसटीनं येणारी बाई. हात चालायचे भराभर, तोंड क्वचित. अख्खा विभाग त्यांना येताजाता "राम राम, मावशी" म्हणायचा. त्या मात्र ठेवणीतला "नमस्कार" करायच्या. पोरं चिडवायची, मावशी लय शिकलेल्या हायत म्हणून. मावशी हसून पुन्हा भांड्यांकडं वळायच्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून अर्पितापुढं ठेवला. आत तांबूस भुकटी होती.

"हे बघ बरं चालतंय का. फळं वाळवून कुटून ठेवलेत. पोट बिघडलं की नातवांना देते मी."

"कशाची फळं, मावशी?"

मावशींनी पदर सारखा केला. "शेताच्या बांधावर झाड हाय आमच्या. लय जुनं."

"हो, पण नाव काय त्याचं?"

"नाव..." मावशी फरशीकडं बघत राहिल्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मी आपली धनीफळ म्हनते."

धनीफळ. अर्पितानं रात्रीपर्यंत इंटरनेट पालथं घातलं. वनस्पतींच्या कोशात ते नव्हतं, औषधींच्या पुस्तकांत नव्हतं, कुठंच नव्हतं. ते कुठंच नाही याचा इतका आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.

अर्क निघाला. पेशींवर पडला. आणि कॅन्सरच्या पेशींची अख्खी रांग हळदीसारखी पिवळी निघाली. शेजारी निरोगी पेशींची रांग होती. ती जांभळीच्या जांभळी राहिली होती.

अर्पितानं प्रयोग पुन्हा केला. पुन्हा पिवळं. मग चूक पकडायचीच या इराद्यानं भुजंगरावांनी बाह्या सावरून स्वतःच्या हातानं केला. तेव्हाही पिवळंच.

सरांनी चष्मा काढून पुसला. "काचेतल्या पेशी मेल्या म्हणजे माणूस बरा झाला असं नव्हे. हे डोक्यात पक्कं ठेव," ते म्हणाले, पण प्लेट काही हातातून खाली ठेवेनात. "झाड बघून ये. डहाळी आण. वनस्पतीशास्त्रवाल्यांकडून नाव पक्कं करून घेऊ, की लगेच छापायला पाठवू. प्रकल्पाचं मी बोलतो वर. आता कोण बंद करतो बघू."

डहाळी यायच्या आधीच महाविद्यालयात पेढे आले. प्राचार्यांनी भर सभेत 'परभणीचं धनीफळ' असा तीनदा उच्चार केला आणि टाळ्या थांबेनात. अर्पितानं मावशींना हाताला धरून व्यासपीठावर नेलं. कालपर्यंत जिला कुणी विचारत नव्हतं ती पोर आज सगळ्यांच्या तोंडी होती. तिला ते आवडलं, मनापासून आवडलं, आणि का आवडू नये?

"सक्रांतीला घरीच ये," मावशी म्हणाल्या. "झाडबी बघशील."

बोरीला अर्पिता पोचली तेव्हा मावशींच्या घरी हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. आबासाहेब कुठं आहेत, तिनं विचारलं. मावशींच्या नवऱ्याला सारा गाव आबासाहेबच म्हणायचा, म्हणून तीही म्हणायची.

"धनी गेलेत की म्होरं शेतात. तू येनार म्हून झाडाखालचे काटे काढायलेत," मावशी म्हणाल्या. "चल, आपुनबी निघू."

अर्पिताच्या पर्समध्ये डहाळीसाठी कात्री होती, डोक्यात शोधनिबंधाचं पहिलं वाक्य तयार होतं. विज्ञानाला आजवर ठाऊक नसलेलं एक फळ.

पण बायकांनी उंबरठा अडवला.

"आमी न्हाई सोडत," शेजारच्या पार्वतीबाई म्हणाल्या. "कालिजात टाळ्या घेतल्या, पेपरात फोटू आला. आता नाव घ्यायचं, मग जायचं."

"पावनी थांबलीय, बाई."

"पावनीला इच्यार की."

"घ्या ना मावशी," अर्पिता हसत म्हणाली. "मलाही ऐकायचंय."

मावशी पदरात तोंड लपवून हसल्या. इतक्या वर्षांची म्हातारी, नव्या नवरीसारखी लाजली. मग डोक्यावरून पदर घेतला, नजर खाली केली आणि एका दमात म्हणून टाकलं:

"बांधावरचं धनीफळ साखरेहून गोड,
रामरावांच्या नावालाच दिली मी 'फळा'ची जोड."