तारीख

"आजी, जीप मागे घ्या. पूल अजून सुरू झालेला नाही," पहारेकरी हात आडवा करत म्हणाला.

जीपमध्ये सून कळांनी तळमळत होती. वाऱ्यामुळे लाँच बंद होती आणि धरणाच्या तलावाला वळसा घालून दवाखाना गाठायचा तर अख्खी सकाळ गेली असती. सारजाबाईंनी समोर पाहिलं. पाण्यावरून थेट पलीकडच्या डोंगरापर्यंत गेलेला तो लांबलचक पूल दिवाळीपासून बांधून तयार होता.

"मग अडवलाय कशाला?"

"मंत्र्यांची तारीख मिळत नाही."

"आणि हिच्या कळा तारीख बघून आल्या का रे?" सारजाबाई कडाडल्या. धरणासाठी घरदार पाण्यात घातलं, ते यांनी फिती कापाव्यात म्हणून? त्या खाली उतरल्या आणि पदर खोचून त्यांनी रस्त्यातली पिंपं बाजूला लोटली. पहारेकरी ओरडत राहिला. त्या परत चढताच जीप सुसाट निघाली.

तिसऱ्या दिवशी त्या नातीला घेऊन परतल्या, तेव्हा पुलावरून दुधाच्या गाड्या, मोटारसायकली, एक वऱ्हाडसुद्धा चाललं होतं. टोकाला हवालदार उभा होता.

"पूल कुणाच्या परवानगीनं उघडला?"

सारजाबाईंनी दुपट्यातली पोर त्याच्यापुढे धरली.

"हिच्या. घ्या लिहून."