बावीस ओळींचा कागद

“सहदेवभाऊ, शेवटची ओळ कागदाबाहेर चालली,” टाइपरायटरवरचे हात थांबवून सिंधूताई म्हणाल्या.

“चालली त चालली,” सहदेव म्हणाला.

सन चौसष्टचा उन्हाळा. जळगाव जामोदच्या त्या कचेरीत शिपायापासून कारकून सहदेवपर्यंत बावीस माणसं हंगामी होती. वरून पत्र आलं होतं. नावं एकाच कागदावर पाठवा, जोडकागद चालणार नाही. कागदावर असतील ते कायम होणार, बाकीच्यांनी घरी बसायचं.

यादी हातानं लिहून दिली सहदेवनं, मांडणीही त्याचीच. टाइपरायटरवर एकेक अक्षराचा ठोका मोजत बसणं त्याला कमीपणाचं वाटे. रकाने किती रुंद हवेत एवढंच तो चिठ्ठीवर लिही. नावाला अठरा ठोके, हुद्द्याला चौदा, उरेल ते रुजू झाल्याच्या तारखेला. नाव मावलं नाही तर पुढच्या ओळीत. मथळा आणि सही सोडून बावीस ओळी. बाकी टाइप करणाऱ्यानं पाहून घ्यावं.

निवृत्ती ज्ञानदेव संग्रामपूरकर हे नाव काही अठरा ठोक्यांत मावेना. त्यानं दोन ओळी खाल्ल्या आणि बाविसावा माणूस उघड्यावर पडला.

“तारखेतले पाच-सात ठोके नावाले देल्ले त सारे बसतेत,” सिंधूताई म्हणाल्या.

“एकासाठी रकाना वाढवला त उद्या सारेच मांगतीन.”

“मंग निवृत्तीभाऊच्या बापाचं नाव अर्धं करू?”

“पत्रात पूर्ण नाव म्हनलं हाये.”

सिंधूताई कचेरीत सगळ्यांच्या मागून लागलेल्या. नवरा गेलेला, पदरी दोन मुली. सहदेवला त्यांचं वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. पण एकदा ओळखीपाळखीनं रकाने हलू लागले की मांडणी ती कसली राहिली?

“पन भाऊ, ते नाव कोनाचं हाये—”

“मले मालूम हाये कोनाचं हाये ते!” तो एकदम चिडला. “आता एक शब्द बोलू नका. चारची टपालाची मोटार निंगून जाईन.”

सिंधूताईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी एकविसावं नाव पुरं केलं आणि कागद काढून दिला.

सहदेवनं तो उलटा धरला. मांडणी तपासायची त्याची ही पद्धत होती, अक्षरं वाचता आली नाहीत की रकाने तेवढे दिसतात. रकाने सुतासारखे सरळ होते. कचेरीचे मुख्य हिंमतरावसाहेब यांनी त्याच्या भरवशावर न वाचताच सही ठोकली. कागद चारच्या मोटारीनं गेला.

दोन महिन्यांनी हुकूम आला. साहेबांनी सगळ्यांना बोलावून नावं वाचली. सिंधूताईंशी काय बोलायचं ते सहदेवनं आदल्या दिवसापासून जुळवून ठेवलं होतं. खामगावात ओळखीच्या एका वकिलाकडे टाइपचं काम होतं, तिथं शब्द टाकायचा असंही त्यानं ठरवलं होतं.

साहेबांनी एकविसावं नाव वाचलं. ते सिंधूताईंचं होतं. मग त्यांनी कागद घडी करून ठेवला.

सहदेव गोंधळून सिंधूताईंकडे पाहत राहिला.

“तवाच सांगू पाह्यलं भाऊ,” त्या रडत म्हणाल्या. “यादी तुमीच लेहली. पह्यले साऱ्यायचे नावं घेतले, अन् रीतीनं सोताचं शेवटी टाकलं.”