पाण्यातला साक्षीदार

“नाव तुमचंच घेतलंय त्याने,” पाळक म्हणाले, आणि बेकरीवाल्याने हातातला मैद्याचा गोळा ओट्यावर असा आदळला, की त्यांच्या काळ्या कोटावर पीठ उडालं.

त्या चर्चच्या मंडळीत रीतच होती तशी. मोठ्या वयात बाप्तिस्मा घेणाऱ्याला पाळक एकटे पाण्यात बुडवत नसत. एका बाजूने ते धरायचे, दुसऱ्या बाजूने साक्षीदार. साक्षीदार कोण, ते बाप्तिस्मा घेणाऱ्याने सांगायचं. कोणी भावाचं नाव घेई, कोणी सासऱ्याचं. आणि हा ड्रायव्हर, ह्याच बेकरीची पावाची गाडी चालवणारा, भरदुपारी ढोसून आला, गल्लीत गाडी मागे घेतली आणि मालकाची पोर चाकाखाली चिरडली. तिचे दुधाचे दातसुद्धा पडले नव्हते. तुरुंगातून सुटून आलेल्या त्या निर्लज्जाला साक्षीदार म्हणून कोण हवा, तर त्या पोरीचा बाप!

“एक बुडी मारली की झालं का?” बेकरीवाला ओरडला. “पाप धुतलं, तारण झालं, वर मंडळीचा आशीर्वाद! आणि हे सगळं फुकटात?”

“फुकटातच,” पाळक कोट झटकत म्हणाले. “तुमचं-माझंही फुकटातच झालंय.”

“माझं काढू नका, पाळकसाहेब. मी कुणाची पोर मारलेली नाही.”

बायको गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होती. तिने ड्रायव्हरला केव्हाच माफ केलं होतं, तुरुंगात जाऊन भेटूनही आली होती. त्या दिवसापासून नवरा-बायकोचं बोलणं मीठ-साखरेपुरतंच उरलं होतं. माफ केलं म्हणे! ह्याला न विचारता! जणू पोर तिची एकटीचीच होती.

“नाही म्हणून सांगा आणि मोकळे व्हा,” ती म्हणाली. “उगाच जिवाला त्रास.”

बेकरीवाल्याने हाताचं पीठ पुसलं. त्याची नजर स्वतःच्या दंडांवर गेली. उभा जन्म कणीक तिंबून ते लोखंडासारखे झाले होते. पाळक म्हातारे, काडी पहिलवान. पाण्यात ते काय अडवणार?

“येतो म्हणून सांगा त्याला,” तो म्हणाला.

पाळकांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याचा हात हातात घेऊन दाबला. बायकोचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. “अहो, तुमचं लक्षण मला ठीक दिसत नाही,” ती म्हणाली. त्याने मैद्याचा गोळा पुन्हा पुढ्यात ओढला.

रविवारी बाक गच्च भरले होते. हौद व्यासपीठामागे होता, छातीभर खोल. समोर कमरेएवढी भिंत, त्यामुळे बसलेल्यांना आत उभ्या माणसांची डोकी तेवढी दिसायची. पाळक आणि बेकरीवाला आधीच आत उभे होते. ड्रायव्हर पांढरा झगा घालून पायऱ्यांनी पाण्यात उतरला. चांगलाच वाळला होता. दाढीत पांढरं आलं होतं. बेकरीवाल्याला त्याचं काहीही वाटलं नाही. वाळू दे मेल्याला. निदान वाळायला तरी जिवंत आहे.

“पाण्याखाली जाताना जुना माणूस मरतो,” पाळक म्हणाले, “आणि वर येतो तो नवा. विश्वास आहे?”

“आहे,” ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने प्रथमच बेकरीवाल्याकडे पाहिलं. बेकरीवाल्याने मान फिरवली.

दोघांनी मिळून त्याला मागे झुकवलं. पाणी त्याच्या तोंडावर आलं. मंडळीने गाणं सुरू केलं. बेकरीवाल्याने पंजा त्याच्या छातीवर रोवला आणि दाबला.

“घ्या वर,” पाळक पुटपुटले.

त्याने घेतलं नाही.

“अहो, घ्या ना वर!” पाळक त्याच्या दंडाला लोंबकळले. दंड हलला नाही. आता तडफडेल, आता हातपाय झाडेल, बेकरीवाला मनात म्हणत होता. झाड ना! तिला तर तेवढाही वेळ दिला नाहीस.

पण खाली काहीच हललं नाही. ना हात, ना पाय. बेकरीवाल्याने चमकून पंजा उचलला. तरीही ड्रायव्हर वर येईना. पाण्याखालून तो उघड्या डोळ्यांनी ह्याच्याकडेच बघत होता, अगदी शांत. पायऱ्यांच्या कठड्याची तळाची सळई त्याने स्वतःच दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवली होती.

हरामखोर! म्हणजे ह्यासाठी नाव घेतलं होतं! बेकरीवाल्याच्या डोक्यात असा जाळ उठला, की पोर गेली त्या दिवशीही तसा उठला नव्हता. त्याने पाण्यात डोकं खुपसलं. सळईवरचं एकेक बोट उपटून काढलं, गळपट्टी धरली आणि त्याला ओल्या पोत्यासारखं वर ओढलं.

ड्रायव्हर खोकत होता, नाकातोंडातून पाणी ओकत होता. “राहू द्यायचं होतंत, मालक,” तो कसाबसा म्हणाला. “तुमच्या हातून झालं असतं तर बरं होतं.”

“माझ्या हातून सुटायचंय तुला?” बेकरीवाला दात-ओठ खात त्याच्या कानाशी म्हणाला. “मरून मोकळा होतोस? आणि आम्ही रोज उठायचं, रोज तिची रिकामी खाट बघायची? ते काही नाही!” त्याने दोन्ही खांदे धरून त्याला गदागदा हलवलं. त्याचा आवाज फाटला. “जगायचं! कळलं? तूही रोज उठायचं आणि जगायचं!”

गाणं थांबलं होतं. मंडळीला भिंतीवरून दिसली ती दोन भिजलेली डोकी, एकमेकांना टेकलेली, आणि ऐकू आला तो शेवटचा शब्द. सगळी मंडळी बाकांवरून उठली आणि एका आवाजात म्हणाली, “आमेन.”