पडद्यावरचे दोन ठिपके

डॉक्टरांनी पडद्यावर श्रीरंगच्या मेंदूचं चित्र फिरवून दाखवलं. गाठीच्या एका कडेला हिरवा ठिपका होता, दुसऱ्या कडेला केशरी. "इथे तुमचं इंग्रजी, इथे मराठी. पडदा बघत हत्यार केसभर अंतरापर्यंत नेता येतं. पण गाठ पुरती काढायची तर एका बाजूने आत शिरावं लागेल, आणि त्या बाजूची भाषा जाईल."

अनसूयाबाई लेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तीन वर्षांचा होईपर्यंत हा बोललाच नव्हता. मग एका दुपारी माडावरून उतरणारी खार बघून "चानी" म्हणाला, आणि त्यांनी हातातली केरसुणी टाकून त्याला अंगणभर नाचवलं होतं.

"मराठी जाऊ दे," श्रीरंग म्हणाला. "नोकरी इंग्रजीवर आहे." मग आईकडे वळून हसला. "तुला काय, न बोलताही माझं कळतं."

"तू वाचलास म्हणजे झालं," त्या म्हणाल्या.

गाठ पुरती निघाली. आठवडाभराने तो उशीला टेकून ऑफिसशी फोनवर इंग्रजीत बोलत होता, हसत होता. फोन ठेवल्यावर अनसूयाबाई पेज भरवता भरवता गावाकडचं सांगू लागल्या. गाय व्याली, फणस धरले, सगळे तुझी चौकशी करतात. त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि नर्सला इंग्रजीत काहीतरी सांगितलं.

नर्स घुटमळली. "मावशी, त्यांना तुमचं बोलणं समजत नाही, नुसता आवाज येतो. डोकं दुखतं म्हणतात. भरवा, पण बोलू नका."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा चमचा फुंकून त्याच्या ओठांशी नेला.