चुकीच्या आकड्याचं अंडं

"तीस नाही, चौतीस!" ऑगीने काउंटरवर थाप मारली. "व्हॅलेकचे चौतीस होमरन झालेत. बर्निस, काढ अंडं. डेलच्या नावावर."

काउंटरमागच्या बर्निसने बरणी पुढे ओढली, व्हिनेगरमध्ये मुरवलेलं एक उकडलेलं अंडं चिमट्याने उचललं आणि ऑगीच्या बशीत ठेवलं.

मिलवॉकीतल्या त्या बारमध्ये हा कायदा ऑगीनेच केला होता. बेसबॉलबद्दल कुणी चुकीचं बोललं आणि दुसऱ्याने ते पकडलं, की चुकणाऱ्याने पकडणाऱ्याला अंडं द्यायचं. पूर्वी बरणी आठवडेच्या आठवडे भरलेली राहायची. इथली माणसं बायकोचा वाढदिवस विसरतील, पण कुणाचे होमरन, बेसबॉलमधले ते षटकार, विसरणार नाहीत. अलीकडे मात्र डेल रोज चुकत होता, आणि त्याचं नवल ऑगीशिवाय कुणालाच वाटत नव्हतं.

सप्टेंबर संपत आला होता. आपला संघ शिकागोच्या एकच सामना मागे होता. शिकागोला गाठलं तर बाद फेरी, नाही तर हिवाळाभर दारातलं बर्फ उपसत हळहळायचं. टीव्हीवर दुपारचा सामना चालू होता, पण ऑगीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

उद्या अर्लीनचा रिपोर्ट यायचा होता. उन्हाळाभर तो बायकोबरोबर दवाखान्याच्या खेपा घालत होता. ती गाडी चालवायची, हा शेजारी बसून तिला धीर द्यायचा. तिच्यावाचून आपलं एक दिवसही निभणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अन् इथे चाळीस वर्षांचे मित्र, पण 'वहिनी कशी आहे' असं एकाच्या तोंडून निघेल तर शपथ.

"सर्वोत्तम खेळाडूचा किताब ब्रॅनिगनला जाणार," डेल म्हणाला. "त्याच्या जोरावरच शिकागो पुढे आहे."

"ब्रॅनिगन!" ऑगी उसळला. "अरे, तो नुसता बॅट फिरवतो. चेंडू अडवायची वेळ आली की त्याच्यापेक्षा माझी आजी बरी. आपला व्हॅलेक शॉर्टस्टॉपला, मैदानातल्या सगळ्यात धावपळीच्या जागी, उभा असतो, गुडघा सुजलेला असताना खेळतो. सर्वोत्तम खेळाडू म्हणजे कोण? ज्याला काढलं तर संघ झोपतो तो. व्हॅलेक!"

"गुडघा दुखणारा शॉर्टस्टॉप मी एकच पाहिला," बर्निस ग्लास पुसत म्हणाली. "आपला स्टोल्झ. आठवतं? शेवटच्या दिवशी त्याच्या होमरनवर आपण बाद फेरीत गेलो होतो."

"स्टोल्झ कॅचर होता गं बाई, शॉर्टस्टॉप नव्हे!" ऑगीने डोक्याला हात लावला. "तूसुद्धा? तुझ्या बापाने ह्याच बारमध्ये त्याच्या नावाने सगळ्यांना फुकट पाजली होती. टाक अंडं."

दुसरं अंडं बशीत पडलं.

"खात का नाहीस?" डेलने विचारलं.

"अर्लीनला नेतो. किती मिळाली हे ती दारातच मोजते. आजारी माणसाची तेवढीच हौस."

डेल स्वतःच बिअर ओतून घ्यायला काउंटरच्या टोकाला गेला. तशी ऑगीने बर्निसला जवळ बोलावलं.

"ह्या डेलला कुणाला तरी दाखवा. चेष्टा नाही करत. त्या दवाखान्यात असे पुष्कळ बघतो मी. चांगली धडधाकट माणसं, पण काही आठवत नाही. माझासुद्धा वेळ जावा म्हणून डॉक्टरीणबाई मला घड्याळाचं चित्र काढायला लावते, महिना विचारते. मी म्हटलं, बाई, महिना कशाला? व्हॅलेकची सरासरी विचार."

बर्निस हसली नाही. पुसलेलाच ग्लास तिने पुन्हा पुसायला घेतला.

ऑगीचा तोल गेला. "तुम्हा सगळ्यांना झालंय तरी काय? उद्या माझ्या बायकोचा रिपोर्ट आहे! आकडे चुकता, माणसं विसरता, अन् तिची साधी चौकशी करत नाही. मी काय भिंतीशी बोलतोय?"

डेल ग्लास घेऊन परत आला होता. टीव्हीवर कुणीतरी बाद झालं, तिकडेही कुणी पाहिलं नाही. ऑगीचे डोळे भरून आले. कशावर चिडलो होतो, हेही त्याला क्षणभर कळेना.

"बरं, राहू दे," डेल हळूच म्हणाला. "म्हणजे तुझं म्हणणं, किताब ब्रॅनिगनलाच मिळायला हवा."

ऑगीने नाक पुसलं. "तेच तर केव्हापासून सांगतोय. ब्रॅनिगनच. दुसरा आहेच कोण?"

बर्निसचा हात बरणीच्या झाकणापर्यंत गेला होता. तो तिथेच थांबला.

"हात धुऊन येतो," ऑगी म्हणाला. "अर्लीन येईल एवढ्यात." तो मागे गेला. दोन दारांपुढे जरा घुटमळला, मग डेलने बोट दाखवलं त्या दारातून आत शिरला.

अर्लीन आली तेव्हा तिच्या हातात गाडीच्या चाव्या होत्या आणि गाल वाऱ्याने लाल झाले होते. तिने आधी बशी पाहिली.

"दोनच?"

"दोन चुका पकडल्या त्याने," डेल म्हणाला. "तिसरी सुटली."

"कोणती?"

डेलने ग्लास पुढे-मागे सरकवला. शेवटी बर्निस म्हणाली, "व्हॅलेकची."

अर्लीन ऑगीच्या स्टुलावर बसली. मागे नळ वाहत होता, आणि तो बंद करायचं कुणाच्या तरी लक्षात राहिलं नव्हतं.

"उद्या डॉक्टरीणबाईला सांगेन," ती अंडी रुमालात बांधत म्हणाली. "तुम्ही रोज चुकत राहा. आणि दवाखान्यात तो मला घेऊन जातो, असंच त्याला वाटू दे."