नाकाची भरपाई

गाडीच्या धडकेत शिंपीणबाईंचं डोकं आपटलं आणि नाकाला वास येणं कायमचं बंद झालं. गाडीवाल्याची विमा कंपनी तडजोडीला तयार होती. “औषधपाण्याचा खर्च, बुडालेली कमाई, चूक कुणाची, यावर रक्कम ठरते,” बाईंचा वकील म्हणाला. “पण मावशी, शिलाईला नाक कशाला लागतं? आचारी असतात तर गोष्ट वेगळी.” “धंदा निवडताना तुम्हालाच विचारायला हवं होतं!” वकील ओशाळला. “घरी काही अडतं का? तेही मांडता येईल.” घरी त्या एकट्याच होत्या. त्यांनी पिशवीतून घट्ट झाकणाचा डबा काढला. आत वारलेल्या सुतार नवऱ्याचा न धुतलेला स्वेटर होता. “रविवारी एकदाच उघडायचे. आता कळत नाही, वास उरलाय की गेला. तुम्ही बघता?” वकिलानं स्वेटरला नाक लावलं. “आहे. लाकडाच्या भुशाचा.” तो पुन्हा वाकताच त्यांनी झाकण लावलं. “पुरे. संपवाल.”