मागची सीट

"केरिन, बाहेर ये! ये आणि बघ तुझ्या पोरांचे प्रताप."

डेस हॅनिगन गाडीचं मागचं दार सताड उघडून उभा होता. रागाने त्याची मान लालभडक झाली होती. त्याची मुलगी केरिन हात पुसत बाहेर आली. तिच्या मागोमाग तिची दोन मुलं, पाच वर्षांची मेव्ह आणि तीन वर्षांचा लाकी.

सीटच्या फटीत बिस्किटांचा चुरा होता. काचेवर आंब्याच्या रसाने माखलेली बोटं उमटली होती. पायाशी समुद्रावरची वाळू.

"मुलं आहेत, बाबा. आणा व्हॅक्यूम, आत्ता काढून देते."

"गाडीला हात लावू नकोस. माझं मी बघेन. चुरा निघेल गं, वासाचं काय?"

वास होता खरा. ऑस्ट्रेलियातल्या बुंडाबर्गच्या उन्हात दुपारभर बंद राहिलेल्या गाडीतून लघवीचा भपकारा येत होता. केरिनने नकळत नाकाला हात लावला.

डेसचा जन्म साखर कारखान्यात गेला होता, आणि फिरला तो कायम दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या गाड्यांतून. निवृत्त झाल्यावर त्याने पहिल्यांदा कोरी गाडी घेतली. केरिन हॉस्पिटलात नर्स होती. तिची ड्यूटी असे तेव्हा मुलांना शाळेतून आणायचं काम डेसचं. सुरुवातीला ते तो मोठ्या हौसेने करायचा. पण मध्यंतरी क्लाइव्ह नावाचा मित्र बोलिंग क्लबला जाताना त्याच्या गाडीत बसला आणि काच खाली करत म्हणाला, "काय रे, गाडीत मांजर पाळलंयस की काय?"

"नातवंडं," डेस म्हणाला होता.

क्लाइव्हने ते क्लबात सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले. तेव्हापासून डेसचं डोकं फिरलं होतं.

"लाकीने केली असेल," केरिन म्हणाली. "पण तो तर आता रात्रीसुद्धा कोरडा असतो."

"मग हिने केली."

"मी नाही केली," मेव्ह म्हणाली.

"खोटं बोलू नकोस!"

मेव्ह आईच्या मागे सरकली.

दुसऱ्या दिवसापासून गाडीत खाणं बंद झालं. दूध बंद, पाण्याची बाटलीसुद्धा बंद. बूट काढून पिशवीत घालायचे. सीटवर जाड टॉवेल, त्यावर प्लास्टिक. उघड्या पायांना ते चिकटायचं, लाकी रडायचा. रविवारी डेसने सोडा आणि व्हिनेगर घेऊन अख्खी गाडी घासून काढली. मदतीला आलेल्या बायकोलाही त्याने हाकललं.

"अरे, एका गाडीपायी किती संतापशील?" नोएलीन म्हणाली.

"तुला नाही कळायचं."

आठवडा संपायच्या आत वास परत आला.

शुक्रवारी शाळा सुटली तेव्हा डेस फाटकाशी डायपरचं पाकीट घेऊन उभा होता. "गाडीत बसायचं असेल तर हे घालायचं," तो मेव्हला म्हणाला. तिने मान हलवून नाही म्हटलं. त्याने तिथेच, गाडीच्या दाराआड, तिला ते घालायला लावलं. दार काही फार मोठं नव्हतं. तिच्या वर्गातली दोन मुलं बघत होती. एक फिदीफिदी हसलं.



संध्याकाळी केरिन ड्यूटीवरून आली ती थेट स्वयंपाकघरात शिरली.

"पाच वर्षांची आहे ती, बाबा! शाळेच्या फाटकात? पोरांसमोर?"

"मग काय करू? माझी गाडी आहे का मुतारी?"

"ती सांगतेय ना, मी केली नाही म्हणून!"

"म्हणजे मी खोटारडा?"

"मला माहीत नाही तुम्ही कोण आहात! माझ्या बाबांना मी ओळखत होते. ते असे नव्हते."

"केरिन, डेस, पुरे आता," नोएलीन मधे पडली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

केरिन तरातरा बाहेर गेली. तिने मुलांच्या बसायच्या दोन्ही छोट्या खुर्च्या पट्टे ओढून डेसच्या गाडीतून काढल्या आणि आपल्या जुन्या गाडीत फेकल्या. "माझी मुलं या गाडीत परत बसणार नाहीत. या घरातही येणार नाहीत. बसा तुमची सीट कुरवाळत!"

डेस पायरीवर हाताची घडी घालून उभा होता. मेव्ह आईचा हात सोडवून त्याच्यापाशी आली. वर बघत म्हणाली, "आजोबा, सॉरी. मीच केली होती. परत नाही करणार."

डेसने तिच्यावरची नजर काढली.

"बरं," तो म्हणाला.

केरिनची गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. नोएलीन रडत होती. "सकाळी उठलास की पहिल्यांदा तिकडे जा. पोरीची माफी माग. ऐकतोयस का?"

तो ऐकत नव्हता.

सकाळी तो निघाला. नोएलीनला वाटलं, केरिनकडेच निघाला. तो गेला गाडीच्या सामानाच्या दुकानात.

"सीटवर घालायचं काहीतरी हवंय. पाणी न झिरपणारं," तो गुरगुरला.

काउंटरवरची मुलगी हसली. "नातवंडं ना? माझ्या बहिणीची पोरं अशीच आहेत, काही विचारू नका. हे घ्या, मागच्या अख्ख्या सीटला पुरतं. पोरांनी काहीही सांडू दे, काहीही करू दे, खाली थेंब जायचा नाही."

डेसने ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत काउंटरवर ठेवलं. त्याच्या मागे एक बाई उभी होती. ती पैसे देऊन बाहेर पडेपर्यंत तो बाजूला सरून थांबला.

"हे नको," मग तो हळूच म्हणाला. "ड्रायव्हरच्या सीटचं द्या."